गोळीने मोडलेला जबडा एकाच शस्त्रक्रियेत का बसवत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरला स्थायिक असलेल्या एका मराठी घरातल्या तिशीच्या तरुणाला वरातीत 'हवेत' झाडलेली गोळी खालच्या जबड्याला लागली. त्याला चार दिवस झालेत. गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे, जबड्याच्या बाहेर सळ्या लावल्या आहेत, जखम पुन्हा पुन्हा उघडून धुतात. अजून दोन-तीन शस्त्रक्रिया लागतील आणि कदाचित पायाचं हाड काढून जबड्यात बसवावं लागेल, असं डॉक्टर सांगतात. धातूचे काही तुकडे आत तसेच सोडले आहेत. बहीण विचारते: प्लेट टाकून एकदाच का संपवत नाहीत? डॉक्टरांचं काही चुकतंय का? पुण्या-मुंबईला हलवावं का?

ताई, तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही आणि त्याचा सीटी स्कॅनही माझ्यासमोर नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तिथल्या डॉक्टरांचं काही चुकल्यासारखं मला वाटत नाही. गळ्यातली नळी, बाहेरच्या सळ्या, वारंवार धुणं, 'थांबा' हा सल्ला, हे सगळं एकाच विचारातून आलंय. तो विचार तुम्हाला कुणी बसून समजावला नाही, एवढीच उणीव दिसते. अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरला तेवढी उसंत मिळत नाही, हेही खरं.

आमच्याकडे जबडा मोडून येणाऱ्यांत बहुतेक जण मोटारसायकलवरून पडलेले असतात. त्यांचं हाड एक-दोन ठिकाणी तडकतं, तुकडे सरकतात, पण सगळं हाड असतं तिथेच असतं. तोंडाच्या आतून चीर द्यायची, दात जुळवायचे, टायटॅनियमच्या बारीक प्लेटा बसवायच्या आणि काही दिवसांत रुग्णाला घरी सोडायचं. तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा असंच कुणीतरी ओळखीचं आहे. गोळीच्या जखमेत दोन गोष्टी वेगळ्या असतात. काही हाड आणि मांस मुळात उरलेलंच नसतं. आणि जे उरलेलं दिसतं, त्यातलं किती जगणार हे पहिल्या दिवशी कळत नाही. यातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त छळते.

ते का कळत नाही, ते सांगतो. गोळीची इजा तिच्या वजनापेक्षा वेगावर जास्त अवलंबून असते, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण २५० ते ४०० मीटर वेगाने निघते, रायफलची ७०० ते ९०० मीटर. विहिरीत धोंडा टाकला की पाणी क्षणभर चहूबाजूंनी दूर सरतं आणि पुन्हा मिटतं. वेगवान गोळी मांसातून जाताना असंच होतं. गोळीच्या जाडीच्या कितीतरी पट मोठी पोकळी क्षणार्धात उघडते आणि बंद होते. स्नायू आणि कातडी लवचीक, ती बराचसा ताण सोसतात. हाड आणि दात सोसत नाहीत, त्यांचा चुरा होतो. तो चुराही नुसता पडून राहत नाही. दाताचा तुकडा स्वतःच छर्र्यासारखा जिभेत, गालात, मानेत घुसतो. म्हणून गोळी आत जाते तिथलं भोक कधी कधी अगदी लहान असतं आणि बाहेर पडते तिथे गालाचा अर्धा भाग गेलेला असतो.

या ताणाने बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिरा जातात. त्या वाहिन्या त्या क्षणी वाहत असतात, मग पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांत गुठळ्या होऊन बंद पडतात. पहिल्या रात्री लालबुंद दिसणारा स्नायू तिसऱ्या दिवशी काळपट पडतो. अशा मांसाखाली पहिल्या रात्री कुणी हौसेने प्लेट बसवून वरून टाके घातले, तर आठवड्याने टाके उसवतात, प्लेट उघडी पडते, तोंडातली लाळ तिच्यावर वाहत राहते आणि पू होतो. मग ती प्लेट काढायची, तिच्याबरोबर सडलेलं हाडही काढायचं, आणि सुरुवात होती त्याहून मोठ्या खड्ड्यापासून करायची.

बंदूक कोणती होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. चंबळच्या पट्ट्यात लग्नात बारा बोअर आणि गावठी कट्टा दोन्ही निघतात. बारा बोअरचे छर्रे दोन-तीन मीटरवरून लागले तर पसरत नाहीत, एका गोळ्यासारखे आत शिरतात, आणि काडतुसातला बुच, म्हणजे छर्रे आणि दारू यांच्यामधला प्लास्टिकचा किंवा नमद्याचा गट्टा, त्यांच्याबरोबर आत जाऊन बसतो. तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. जखम बरी होत नाही, पू थांबत नाही, आणि महिन्याभराने आतून तो गट्टा निघतो, असं घडू शकतं. बंदुकीची जात आधी कळली तर सर्जन पहिल्याच दिवशी तो शोधतो.

आणि 'हवेत झाडली' यावर फारसा विश्वास ठेवू नका. सरळ आकाशात गेलेली गोळी परत पडताना तिचा वेग बराच घटलेला असतो. ती जीव घेऊ शकते, पण जबड्याचा असा भुगा सहसा करत नाही. वरातीत जखमी होणारे बहुतेक जण नाचणाऱ्याच्या हातात नळी कलल्यामुळे, जवळून आणि पूर्ण वेगाने आलेल्या गोळीने जखमी होतात. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा हर्षफायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी स्वतंत्र शिक्षा आहे. वराती काही थांबलेल्या नाहीत.

आता गळ्यातल्या नळीकडे. जीभ पुढच्या बाजूला हनुवटीच्या हाडाला आतून बांधलेली असते. हनुवटीचा भाग दोन्ही बाजूंनी सुटला की जीभ आधार सोडून मागे घशात पडते. वरून रक्त, लाळ, दातांचे तुकडे, आणि तासागणिक वाढणारी सूज. गोळी लागलेल्या जबड्याचा माणूस पहिल्या तासात मरतो तो बहुधा श्वास कोंडून किंवा रक्तस्रावाने. मोडलेल्या हाडाने नाही. पहिल्या महायुद्धात विल्यम केल्सी फ्राय नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने जबडा फुटलेल्या एका सैनिकाला मान पुढे झुकवून चालवत मदत केंद्रापर्यंत आणलं. तो माणूस तिथवर नीट श्वास घेत आला. तिथे त्याला स्ट्रेचरवर उताणं निजवलं आणि तो गुदमरून गेला. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपल्याकडे रुग्णवाहिकेत अशा माणसाला उताणंच निजवतात. हनुवटी फुटलेला, शुद्धीवर असलेला माणूस बसून, पुढे वाकून, रक्त बाहेर गळू देत आणायचा. बसता येत नसेल तर कुशीवर, आणि मानेला इजा असल्याचा संशय असेल तर मान सरळ धरून. जबड्याखालून डोक्यावर करकचून पट्टी बांधण्याचा प्रकारही टाळायचा, तिने सुटलेला तुकडा आणखी मागे ढकलला जातो.

ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे गळ्यातली ही, नळी कायमची नसते. सूज उतरली, मोठ्या शस्त्रक्रिया आटोपल्या की ती काढतात आणि भोक बहुधा आपोआप मिटतं. पुढच्या भुलींसाठीही तिचा उपयोग होतो, कारण तोंडातून नळी घातली तर दात कसे जुळतात हे सर्जनला पाहता येत नाही.

बाहेरच्या सळ्या पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण या टप्प्यावर तुमच्या भावासाठी केलेलं सगळ्यात मोलाचं काम कदाचित तेच असेल. जबड्याचा मधला भाग गेला की उरलेले दोन तुकडे होते तिथे थांबत नाहीत. चावण्याचे आणि जिभेखालचे स्नायू त्यांना आत, वर आणि मागे ओढतात. त्यावर व्रणाची कातडी आवळत जाते. काही आठवड्यांत चेहरा आत बसतो, आणि मग नवीन हाड बसवायला जागाच उरत नाही. आधी तो आवळलेला व्रण मोकळा करायचा म्हणजे आणखी एक शस्त्रक्रिया. म्हणून गोळीच्या जखमेत पहिल्या दिवसाचं काम हाड भरून काढण्याचं नसतं. उरलेल्या तुकड्यांमधलं अंतर आणि त्यांची दिशा धरून ठेवायची, हे ते काम. माझ्या मते पुढचा सगळा निकाल या एका गोष्टीवर ठरतो, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

ही जागा कशी धरायची, हे जखम पाहून ठरतं. दोन्ही बाजूंना दात शिल्लक असतील तर वरच्या-खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या, म्हणजे आर्च बार, बांधून तोंड तारांनी मिटवतात. दात हेच सगळ्यात भरवशाचं माप: ते पूर्वीसारखे एकमेकांवर बसले तर हाडाचे तुकडेही जागेवर आहेत, असं धरायला हरकत नाही. म्हणून आमच्या कामात आधी चावा, मग हाड. दात नसतील, जखम फार घाण असेल किंवा प्लेट झाकायला मांसच नसेल, तर हाडात दोन्ही बाजूंना पिना घालून त्या बाहेरून सळईने जोडतात. कंपनीचा तयार संच असतो. नसला तर भुलीची साधी नळी पिनांवर ओवून तिच्यात दातांच्या कामाचं ॲक्रिलिक ओततात. ते दहा-पंधरा मिनिटांत कडक होतं. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख. आणि मांस पुरेसं असेल तर तिसरा मार्ग म्हणजे जाड रिकन्स्ट्रक्शन प्लेट.

ही प्लेट मोटारसायकलवाल्याच्या प्लेटेसारखी नसते. साध्या फ्रॅक्चरमध्ये हाडाची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, चावण्याचा भार हाड आणि बारीक प्लेट वाटून घेतात. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात मिशेले आणि शाम्पी या सर्जनांनी रूढ केलेल्या या छोट्या प्लेटांनी आमचं रोजचं काम सोपं केलं. पण हाडाचा चुरा झाला असेल किंवा मधे खिंडार असेल तर भार वाटून घ्यायला हाडच नसतं, सगळा भार प्लेटला पेलावा लागतो. तिथे २.४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड स्क्रूची लॉकिंग प्लेट हवी, आणि खिंडाराच्या प्रत्येक बाजूला चांगल्या हाडात किमान तीन, जमल्यास चार स्क्रू. चुरा झालेल्या जबड्यावर बारीक प्लेटांची जाळी विणलेले एक्स-रे अधूनमधून पाहायला मिळतात. फिल्मवर सुबक दिसतात. चावायला लागलं की स्क्रू ढिले होतात.

आता वारंवार धुण्याबद्दल. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर २४ ते ४८ तासांनी जखम पुन्हा उघडून पाहायची, नव्याने मेलेलं तेवढं काढायचं, आणि जखम स्थिर होईपर्यंत हे करत राहायचं. अमेरिकेत रॉबर्टसन आणि मॅन्सन या सर्जनांनी १९९९ साली वेगवान गोळ्यांच्या चेहऱ्यावरच्या जखमांसाठी हाच क्रम मांडला. मांडीच्या जखमेत सर्जन संशयास्पद स्नायू सढळ हाताने कापतो. चेहऱ्यावर तसं करायचं नाही. चेहऱ्याचा रक्तपुरवठा इतका चांगला असतो की मेल्यासारखी दिसणारी ओठाची चिंधीसुद्धा कधी कधी जगते. आणि एकदा कापलेला ओठ दुसरीकडून आणता येत नाही. हाडाचंही तसंच. जो तुकडा त्याच्या आवरणाला, म्हणजे पेरिऑस्टियमला, चिकटलेला आहे तो ठेवायचा. जो सुटून नुसता रक्तात तरंगतोय तो काढायचा. यात पुस्तक फार मदत करत नाही. कापलं की कडेला रक्त येतं का, चिमटा लावला की स्नायू आकसतो का, यावर ठरवावं लागतं.

धातूचे तुकडे आत का ठेवले, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो. सिनेमात गोळी काढून ट्रेमध्ये टाकली की माणूस वाचतो. प्रत्यक्षात गोळी काढणं हे शस्त्रक्रियेचं उद्दिष्ट नसतंच. वाटेत सापडली तर काढायची. जिभेच्या मुळाशी किंवा मोठ्या धमनीजवळ शांत पडलेल्या तुकड्यासाठी चांगलं मांस फाडत जाणं म्हणजे दुसरी जखम करणं. अपवाद आहेत: तुकडा कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात असेल तर काढायचा, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळून रक्तात जातं आणि सांधाही झिजतो. धमनीला टेकलेला, पू धरलेला किंवा तोंडात टोचणारा तुकडाही काढतात. गोळी तापलेली असते म्हणून ती निर्जंतुक असते, हा जुना गैरसमज; ती कपड्याच्या चिंध्या, मिशीचे केस आणि तोंडातले जंतू सोबत घेऊन आत जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तोंडातल्या जंतूंना चालणारी प्रतिजैविकं म्हणूनच लागतात. आणखी एक: आत धातू आहे हे प्रत्येक कागदावर लिहून घ्या. पुढे कधी कुणी एमआरआय सांगितला तर मशीनजवळ जाण्याआधी त्यांना हे कळायला हवं.

टप्प्याटप्प्याने जाण्याची ही रीत महायुद्धाने शिकवली. १९१४ नंतर खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांच्या जबड्यांच्या एवढ्या जखमा आल्या की सगळ्या सैन्यांना स्वतंत्र रुग्णालयं काढावी लागली. सुरुवातीला सर्जन हाड गेलेल्या खड्ड्यावर उरलेली कातडी ताणून शिवून टाकत. जखम बंद झाल्याचं समाधान मिळे, चेहरा मात्र आत ओढला जाई. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या व्हॅलेडियर आणि हार्वर्डहून आलेल्या काझांजियान या दोन दंतवैद्यांनी दुसरी वाट दाखवली: आधी रबर आणि तारेच्या आधारांनी जबड्याचे तुकडे मूळ जागी धरायचे आणि मगच कातडी शिवायची. हॅरोल्ड गिलीज या ब्रिटिश सर्जनने व्हॅलेडियरचं काम फ्रान्समध्ये पाहिलं, आणि १९१७ साली लंडनजवळ सिडकपला उघडलेल्या क्वीन्स हॉस्पिटलात दंतवैद्य आणि प्लास्टिक सर्जन एका टेबलाशी उभे राहिले. वर सांगितलेला केल्सी फ्राय तिथे हाडाची बाजू सांभाळायचा, गिलीज मांसाची. आजही अशा रुग्णाच्या फायलीवर मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या हाडांचा, आणि प्लास्टिक सर्जरीचा, अशा दोन्ही विभागांच्या सह्या दिसल्या नाहीत तर मी विचारतो, दुसरे कुठे आहेत?

'टप्पे' याचा अर्थ महिनोन्महिने नुसतं थांबणं असाही नाही. जुन्या काळी आधी सगळी जखम भरू द्यायची आणि सहा महिन्यांनी हाडाचं बघायचं, अशी पद्धत होती. तिने आवळलेले चेहरे आणि न उघडणारी तोंडं दिली. आता जखम स्वच्छ आणि स्थिर झाली, सहसा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, की पुढचं मोठं काम करण्याकडे कल आहे. तुमच्या डॉक्टरांना एक प्रश्न मोकळेपणाने विचारा: पुढचा टप्पा कधी, आणि तो कशावर ठरणार? 'जखम स्थिर झाल्यावर, दोनदा धुऊन नवीन मेलेलं मांस दिसलं नाही की' असं उत्तर मिळालं तर गाडी रुळावर आहे. 'बघू, टाके निघाल्यावर या' एवढंच मिळालं तर दुसरं मत घ्या.

मग पायाचं हाड. हाडाचं खिंडार पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि भोवतालचं मांस धडधाकट असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवता येतो. त्या तुकड्याला स्वतःचं रक्त नसतं, शेजारच्या मांसाने तो पोसायचा असतो. म्हणून तोंडाच्या आतली जखम पूर्ण मिटल्याशिवाय तो बसवत नाहीत. लाळ पोचली की वाया गेला. खिंडार मोठं असेल, किंवा हाडाबरोबर गालाचं अस्तर आणि कातडीही गेली असेल, तर रक्तपुरवठ्यासकट हाड आणावं लागतं. त्यासाठी पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला. अंगाचं वजन मुख्यतः नडगी पेलते, त्यामुळे फिब्युलाचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. गुडघ्याजवळ आणि घोट्याजवळ सहा-सात सेंटिमीटर सोडून बाकीचं, प्रौढ माणसात वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, हाड त्याच्या धमनी-शिरेसकट आणि हवी असेल तर वरच्या कातडीसकट उचलता येतं. हाडाला पाचरीसारखे काप देऊन जबड्याच्या वळणात बसवायचं, प्लेटने जोडायचं, आणि मायक्रोस्कोपखाली त्याच्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवायच्या. जबड्यासाठी ही पद्धत हिडाल्गो या अमेरिकन सर्जनने १९८९ साली मांडली. हे दिवसभराचं काम असतं.

रक्तासकट मांस हलवण्याची कल्पना तर आपल्याकडची. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात वीटकामाच्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचं नाक बसवून दिलं, आणि त्याची हकीकत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा नेता रोबेस्पिअर याचा जबडा पिस्तुलाच्या गोळीने फुटला होता, आणि डॉक्टरांनी काही दात आणि हाडाचे तुकडे काढून डोक्याला पट्टी बांधण्यापलीकडे काही केलं नाही. अर्थात त्याला त्याच दिवशी संध्याकाळी गिलोटिनवर जायचं होतं.

फिब्युला ठरलीच तर काही गोष्टी आतापासून सांभाळा. दोन्ही पायांच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी करतील. काही लोकांमध्ये पाऊल त्याच धमनीवर जगत असतं, तिथे हा पाय वापरता येत नाही. तोवर ज्या पायाचं हाड घ्यायचं त्या पायात सलाइन लावू देऊ नका. तंबाखू, गुटखा, विडी आजपासून बंद, कारण निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात. मानेतल्या ज्या वाहिनीला जोड द्यायचा ती गोळीच्या वाटेपासून दूरची हवी, गरज पडली तर दुसऱ्या बाजूची. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस तासातासाला कुणीतरी येऊन तो फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट आणून बसवलेला हाड-मांसाचा भाग, बघेल, टोचून रक्ताचा रंग पाहील. पांढरा किंवा निळा पडला तर रात्री दोन वाजताही परत थिएटरमध्ये नेतील. त्याने घाबरू नका. वेळेत उघडलेले बरेच फ्लॅप वाचतात.

ज्या केंद्रात थ्रीडी प्रिंटिंगची सोय आहे तिथे सीटीवरून जबड्याची प्रतिकृती काढून प्लेट आधीच वाकवून ठेवतात. चांगली सोय आहे, वेळ वाचतो. पण तिच्यासाठी महिनाभर ताटकळू नका. हाताने प्लेट वाकवून उत्तम काम करणारे सर्जन सरकारी रुग्णालयांत पुष्कळ आहेत.

वरच्या जबड्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमच्या भावाला तिथे लागलेलं नाही. तिथलं हाड पातळ, कवचासारखं. टाळूला भोक पडून अन्न नाकात जाणं ही तिथली मुख्य अडचण. बराच काळ ते टाळूच्या कवळीने झाकूनही भागतं.

चेहऱ्याची नस मात्र विचारून घ्या. ओठाचा कोपरा वर उचलता येतो का, डोळा पूर्ण मिटतो का? कानाच्या बाजूला नस तुटली असेल तर पहिल्या ७२ तासांत तिचं दूरचं टोक विजेच्या झटक्याला प्रतिसाद देतं आणि शोधायला सोपं जातं. ती मुदत उलटली तरी नस जोडता येते, फक्त शोधायला अवघड. खालचा ओठ बधिर असणं वेगळं. जबड्याच्या आतून जाणारी संवेदनेची नस चुऱ्यात सापडते, आणि ती बधिरता पुष्कळदा राहते. त्याने चेहरा वाकडा होत नाही, पण गरम चहाने ओठ भाजला तरी कळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पुढच्या दिवसांत मला काळजी वाटते ती रक्तस्रावाची. गोळीने अर्धवट जखमी झालेली धमनी फुग्यासारखी फुगते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनीही फुटू शकते. आधी थोडंसं, आपोआप थांबणारं ताजं रक्त येतं. ते तोंडातून येवो, जखमेतून येवो वा गळ्याच्या नळीतून, 'थांबलं ना' म्हणून सोडू नका, तत्काळ डॉक्टरांना बोलवा. सीटी अँजिओग्राफीत ती धमनी सापडते आणि मांडीतून बारीक नळी घालून आतून बंद करता येते. जेवताना गालाच्या जखमेतून पाण्यासारखा स्राव येत असेल तर ती बहुधा लाळ. लाळेची नळी तुटली असेल. दाबपट्टीने किंवा बोटुलिनमच्या इंजेक्शनने ते बरेचदा थांबतं.

तोंड तारांनी बांधलं तर तार कापायची कात्री रुग्णाच्या उशाशी हवी, आणि ती कुठे कापायची हे घरातल्या एकाला तरी दाखवून ठेवलेलं हवं. उलटी झाली तर नर्सची वाट बघत बसायचं नाही. नाकातल्या रायल्स ट्यूबमधून नुसतं दूध आणि नारळपाणी देत राहिलात तर दोन आठवड्यांत तो हाडं दिसेपर्यंत वाळेल आणि जखमाही भरणार नाहीत. वरणाचं घट्ट पाणी, गाळलेली नाचणीची पेज, ताक, चालत असेल तर अंडं किंवा मटणाचं गाळलेलं सूप, आणि आहारतज्ज्ञ सांगतील ती प्रथिनांची पावडर. ट्यूब तुंबू नये म्हणून प्रत्येक वेळी वर साधं पाणी सोडायचं.

तोंड उघडण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा, हे सर्जनलाच विचारा, पण विचारायला विसरू नका. सांधा आणि चावण्याचे स्नायू व्रणाने आखडले तर हाड उत्तम जुळूनही तोंडात चमचा जात नाही. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि काही दिवसांनी एक-एक वाढवायची, हा स्वस्त आणि चांगला उपाय. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत साडेतीन सेंटिमीटर अंतर मिळालं की आम्ही खूश. नवीन हाडात इम्प्लांट घालून दात बसवायचे ते त्यानंतर, हाड जुळल्याची खात्री करून, सहसा सहा महिन्यांच्या पुढे.

तो आरसा मागेल. लपवू नका, पण पहिल्यांदा बघताना कुणीतरी जवळ बसा आणि हा मुक्कामाचा चेहरा नाही हे आधीच सांगा. बोलता येत नसल्यामुळे त्याला पाटी किंवा मोबाइल द्या. लोक त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्याविषयी तिसऱ्याशीच बोलतात, त्याचा फार त्रास होतो. झोप उडाली, फटाक्याच्या आवाजाने दचकणं थांबेना, बोलणंच टाकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना बोलवायला सांगा. तेही उपचारातच धरायचं.

पोलिसांचं. ही मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी, केस आहे, पण त्या कागदांसाठी उपचार अडवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच ते स्पष्ट केलंय. काढलेली गोळी किंवा छर्रे रुग्णालय सीलबंद करून पोलिसांच्या ताब्यात देतं आणि त्याची पावती असते. ते घरी मागू नका. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर धुऊ नका.

हलवण्याबद्दल माझं मत असं: आज नाही. जखम अजून स्थिर व्हायची आहे आणि रक्तस्रावाचा धोका टळलेला नाही. ग्वाल्हेर ते मुंबई हा प्रवास अशा रुग्णाला सोपा नाही. तिथे मॅक्सिलोफेशियल आणि प्लास्टिक असे दोन्ही विभाग असतील आणि मायक्रोव्हॅस्क्युलर फ्लॅप नियमित होत असतील, तर हलवायची गरजच नाही. तसं नसेल, तर सळ्यांनी जागा धरलेली आहे, जखम दोनदा स्वच्छ निघाली आहे, अशा टप्प्यावर फिब्युलाच्या कामासाठी हलवा. दिल्ली मुंबईपेक्षा जवळ आहे, हेही विचारात घ्या. निघताना एक्स-रेचे फोटो पुरणार नाहीत. सीटी स्कॅनची पूर्ण सीडी, प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, कोणतं हाड काढलं आणि कोणतं ठेवलं त्याचा तपशील, जखमेतल्या जंतूंचा कल्चर रिपोर्ट आणि मेडिको-लीगल कागदांची प्रत बरोबर घ्या. ती सीडी आधी पाठवलीत, तर नवीन ठिकाणचा सर्जन तुम्ही पोचण्याआधीच कुठला पाय, किती हाड, मानेची कुठली बाजू हे ठरवून बसलेला असेल.